बेरेनीके : सीमेवरच्या उच्चारात टिकलेले एक नाव

'बेरेनीके' हे मुलींचे ग्रीक नाव आज खुद्द ग्रीसमध्येही क्वचितच कानी पडते. एकेकाळी मात्र ते चार-पाच राण्यांचे, तांबड्या समुद्रावरील एका मोठ्या बंदराचे आणि आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील एका नगराचे नाव होते. आकाशातील एका तारकासमूहाच्या नावात ते आजही आहे. इतकेच काय, आपल्याकडचा सुतार लाकडावर जे व्हार्निश मारतो, त्या शब्दाचे मूळही पुष्कळ कोशकार याच नावापर्यंत नेतात. नावाचा अर्थ 'जय आणणारी' असा सरळ आणि देखणा आहे. परंतु आम्हांला या नावाकडे वळावेसे वाटले ते अर्थामुळे नव्हे, त्यातल्या पहिल्या अक्षरामुळे. अथेन्सच्या प्रतिष्ठित ग्रीक भाषेत या नावाचे रूप 'फेरेनीके' असे होते. 'ब' आहे तो उत्तरेकडील मॅसिडोनियाचा, म्हणजे ग्रीक जगाच्या काठावरचा. तेथील लोकांच्या बोलण्याला दक्षिणेतील सुसंस्कृत नगरे फारशी किंमत देत नसत. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाला अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनीस भर सभेत रानटी म्हणून हिणवी. आणि तरीही जगभर पसरले ते काठावरचे रूप. 'फेरेनीके' पुस्तकांत राहिले.

या 'फ' आणि 'ब'चा उलगडा मराठी वाचकाला ग्रीक न शिकताही होण्यासारखा आहे. नावाचे दोन भाग आहेत. 'नीके' म्हणजे विजय, अथवा विजयाची देवता. पादत्राणांच्या जगप्रसिद्ध कंपनीने आपले नाव तिच्यावरूनच घेतले. पहिला भाग 'फेरो', म्हणजे वाहून नेणे, आणणे. त्याचा सख्खा नातेवाईक संस्कृतातील 'भृ' हा धातू. 'भरति', 'भार', 'विश्वंभर' ही त्याचीच संतती, आणि आपले 'भरणे' हे क्रियापदही त्याच कुळातले. आता 'भ' या ध्वनीत दोन गुण एकत्र आहेत : तो घोष आहे आणि महाप्राणही आहे. संस्कृताने दोन्ही गुण राखले. दक्षिणेकडील ग्रीकांनी महाप्राण ठेवला व घोष टाकला, त्यामुळे त्यांचा 'फ' झाला. मॅसिडोनियनांनी घोष ठेवला व महाप्राण टाकला, त्यामुळे त्यांचा 'ब' झाला. मॅसिडोनियन बोलीविषयी पंडितांत पुष्कळ वाद आहेत आणि हा 'ब' नंतरच्या काळात आला असे मानणारा पक्षही आहे. परंतु त्या प्रदेशात असे बोलत, याबद्दल वाद नाही. प्लुटार्कने याची नोंदच केली आहे. मॅसिडोनियन लोक फिलिपला 'बिलिप' म्हणतात आणि फेरेनीकेला 'बेरेनीके' म्हणतात, असे तो सांगतो.

फारसीनेही हेच केले. त्या भाषेत या धातूचे रूप 'बर' असे आहे. 'पैगाम' आणणारा तो 'पैगंबर'. म्हणजे पैगंबरातला 'बर', विश्वंभरातला 'भर' आणि बेरेनीकेतला 'बेरे' ही एकाच घरातली भावंडे ठरतात. सीमाभागातील वाचकांना तर हा प्रकार रोजच्या अनुभवातला वाटेल. शेजारच्या भाषेच्या सहवासात महाप्राण गळतो, 'भात' 'बात'कडे झुकतो, आणि मग कोणी तरी शुद्धतेचा ठेकेदार त्यावर हसतो. तो हसणारा अथेन्समध्येही होता, एवढेच येथे नोंदवून पुढे जाऊ.

दक्षिणी रूप असलेल्या 'फेरेनीके'ची एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. विशेषतः आमच्या व्यवसायातील माणसाला ती टाळवत नाही. प्रवासवर्णनकार पॉसानियस लिहितो की, ऑलिंपियाच्या खेळांच्या वेळी तेथे आलेल्या स्त्रीला टिपायॉन नावाच्या पर्वताच्या कड्यावरून खाली लोटून द्यावे, असा कायदा होता. तो मोडताना एकच स्त्री सापडली. तिला कोणी कल्लिपातेयरा म्हणत, कोणी फेरेनीके. ती रोड्स बेटावरील डायागोरस या मुष्टियोद्ध्याची कन्या. डायागोरस इ. स. पूर्व ४६४ मध्ये ऑलिंपियाला जिंकला होता आणि पिंडार या कवीने त्याच्यावर गीत रचले होते. तिचा पती वारला होता. मुलाला स्पर्धेसाठी न्यायला कोणी नव्हते, तेव्हा तिने पुरुष शिक्षकाचा वेष केला आणि ती स्वतःच त्याला घेऊन गेली. मुलगा जिंकला. तो पाहून तिने शिक्षकांसाठी घातलेल्या कुंपणावरून उडी घेतली, वस्त्र सरकले, आणि ती उघडी पडली. पंचांनी तिला सोडून दिले. कारण तिचा बाप, तिचे भाऊ आणि आता मुलगाही ऑलिंपियाचे विजेते होते. पण पुढच्या खेळांपासून शिक्षकांनी विवस्त्र होऊनच आत यावे, असा नियम करण्यात आला.

कायद्याच्या दृष्टीने हा निकाल मासलेवाईक आहे. नियम स्पष्ट, गुन्हा सिद्ध, शिक्षा ठरलेली. आणि न्यायाधीश आरोपीच्या घराण्याकडे पाहून माफी देतात. मग मनातील खळखळ शमविण्यासाठी नवा नियम करतात आणि त्याचा जाच ज्यांनी काहीच केले नव्हते त्या सर्व शिक्षकांना होतो! असे निकाल आम्ही अलीकडेही वाचलेले आहेत. नाव मात्र त्या स्त्रीला शोभणारे होते. तिने मुलाला आणले आणि त्याच्याबरोबर जय आणला. (याच नावाचे पुल्लिंगी रूप 'फेरेनीकोस'. ते सिराक्यूसच्या हिएरोन राजाच्या शर्यतीच्या घोड्याचे नाव होते. घोड्याला अधिक साजेसे नाव सापडणे कठीण.)

नावाचे नशीब उघडले ते अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर. त्याच्या सेनापतींनी साम्राज्य वाटून घेतले आणि इजिप्त टॉलेमीच्या वाट्याला आले. टॉलेमीच्या पत्नीबरोबर तिची सहचरी म्हणून बेरेनीके नावाची एक मॅसिडोनियन विधवा इजिप्तला गेली. पुढे राजाने तिच्याशीच विवाह केला, आणि पहिल्या पत्नीची मुले बाजूला पडून बेरेनीकेचा मुलगा गादीवर बसला. तो दुसरा टॉलेमी. तिला पहिल्या पतीपासून झालेला मुलगा मागास हा आजच्या लिबियातील किरेनी या नगराचा अधिपती होता. पुढे त्याने स्वतःला राजा म्हणविले आणि सावत्र भावावर चाल केली.

या दोघा भावांची नावे भारतातही कोरलेली आहेत, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पश्चिमेकडील पाच राजांचा उल्लेख येतो. त्यातील 'तुरमय' हा दुसरा टॉलेमी आणि 'मक' हा मागास, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे अशोकाच्या पाच यवन राजांपैकी दोघे एकाच मातेचे पुत्र होते आणि त्या मातेचे नाव बेरेनीके होते. कलिंगाच्या रक्तपातानंतर कोरलेला हा लेख शस्त्राच्या विजयापेक्षा धर्मविजय श्रेष्ठ असल्याचे सांगतो. ज्यांना तो निरोप पाठविला, त्यांपैकी दोघांच्या आईचे नाव 'जय आणणारी' असावे, हा योगायोग आहे. पण मोठा बोलका आहे. नावांचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. 'प्तोलेमाइओस'चा 'तुरमय' झाला. प्राकृत लेखनिकाला 'प्त' पेलला नाही. आपल्या जिभेला जे पेलते तेच माणूस लिहितो, मग तो सम्राटाचा लेखनिक का असेना.

दुसऱ्या टॉलेमीने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात तांबड्या समुद्राच्या काठी एक बंदर वसविले आणि त्याला आईचे नाव दिले. आरंभी तेथे लढाईचे हत्ती उतरत. पुढे रोमन काळात ते भारताच्या व्यापाराचे मोठे ठाणे झाले. इ. स. च्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेला 'पेरिप्लस' हा प्रवासग्रंथ बेरेनीके बंदरापासून वाट सांगत सांगत आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. बारिगाझा म्हणजे भडोच, कल्लिएना म्हणजे कल्याण, सेमिल्ला म्हणजे चौल. आणि घाटावर पैठाना म्हणजे पैठण, तगरा म्हणजे तेर. पैठण-तेरचा माल बैलगाड्यांनी भडोचला येई आणि तेथून पश्चिमेकडे जाई. बेरेनीकेला १९९४ पासून उत्खनन चालू आहे. तेथील एका देवळाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलोंहून अधिक काळी मिरी सापडली. सागवानाची लाकडे सापडली. तमिळ-ब्राह्मीत लिहिलेली खापरे मिळाली. २०२३ मध्ये बुद्धाची एक संगमरवरी मूर्ती मिळाल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वेळी सातवाहनांची दोन नाणीही मिळाल्याचे सांगण्यात आले. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे राजे. गोदाकाठच्या राजाचे नाणे ज्या गावात पडले होते, ते गाव या नावाचे होते.

त्याच बंदरात एक द्विभाषी लेखही सापडला आहे. एक मजकूर संस्कृतात, दुसरा ग्रीकमध्ये. वासुल नावाच्या एका क्षत्रियाने फिलिप राजाच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ. स. २४८ च्या सुमारास, प्रतिमा स्थापन केल्याची ती नोंद आहे. हा फिलिप रोमचा सम्राट. प्लुटार्कने मॅसिडोनियन 'ब'साठी दिलेली दोन नावे, फिलिप आणि बेरेनीके, अशी एका भारतीयाच्या दानलेखाशी येऊन भिडतात. परमुलखात व्यापार करणाऱ्या त्या माणसाने आपला मजकूर आपल्या भाषेतही कोरविला, ही गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. ग्रीक न वाचता येणारे त्याचे लोकही त्या बंदरात असले पाहिजेत. एरवी कोण खर्च करतो?

राजघराण्यात एकदा शिरलेले नाव मग पिढ्यान् पिढ्या फिरत राहिले. दुसऱ्या टॉलेमीच्या मुलीचे नावही बेरेनीके. इ. स. पूर्व २५२ मध्ये तिचे लग्न सीरियाच्या दुसऱ्या अँटिओकसशी झाले. अशोकाच्या त्याच लेखातील 'अंतियोक' म्हणजे हाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. या लग्नासाठी त्याने आपल्या पहिल्या पत्नीला, लाओडिकेला, दूर केले. बेरेनीकेबरोबर इतका हुंडा आला की लोक तिला 'फेर्नेफोरोस', म्हणजे हुंडा आणणारी, म्हणू लागले. 'फेर्ने' म्हणजे हुंडा, आणि हा शब्दही त्याच 'फेरो' धातूपासून आला आहे. जी नावाने जय आणणारी होती, तिची ओळख हुंडा आणणारी अशी झाली. इ. स. पूर्व २४६ मध्ये राजा मरण पावला आणि लाओडिकेच्या पक्षाने बेरेनीकेला व तिच्या कोवळ्या मुलाला ठार केले. भाऊ तिसरा टॉलेमी सैन्य घेऊन निघाला खरा, पण ती जिवंत असताना पोहोचला नाही.

हा तिसरा टॉलेमी नुकताच विवाहित होता, आणि त्याच्या पत्नीचे नावही बेरेनीकेच. ती मागासची मुलगी, किरेनीची राजकन्या. पती युद्धाहून सुखरूप परतला तर आपले केस देवीला अर्पण करीन, असा नवस तिने केला. तो परतला. तिने केस कापून देवळात ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी ते तेथे नव्हते. तेव्हा दरबारचा खगोलशास्त्रज्ञ कोनोन याने सिंहराशीजवळच्या अंधुक ताऱ्यांच्या एका झुबक्याकडे बोट दाखवून, देवांनी केस तेथे नेऊन ठेवल्याचे सांगितले. दरबारी माणूस असा हवा! कॅलिमाखस या कवीने त्यावर काव्य केले, ज्यात तो केसच बोलतो. मूळ ग्रीक काव्याचे आज तुकडेच उरले आहेत. ते सलग वाचायला मिळते ते कातुल्लस या रोमन कवीच्या लॅटिन अनुवादात. भाषांतराला दुय्यम मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

सोळाव्या शतकात युरोपीय नकाशाकारांनी या झुबक्याला स्वतंत्र तारकासमूह म्हणून स्थान दिले आणि आजच्या ८८ मान्य तारकासमूहांत 'बेरेनीकेचे केस' आहेत. मराठी खगोलपुस्तकांत मात्र त्याला 'अरुंधती केश' असे म्हटले जाते. हे नामांतर आम्हांला विचार करायला लावते. नवससायास करणारी, पतीची वाट पाहणारी स्त्री आपल्या परंपरेत शोधायची तर अरुंधती आठवणे स्वाभाविक होते. नाव मराठी मुलाच्या तोंडी सहज बसते हेही खरे. पण ज्या स्त्रीचे केस होते तिचे नाव त्यात राहिले नाही. आकाशात ज्या एका ऐतिहासिक राणीचे नाव टिकले आहे, तिचेच आपण पुसले. परभाषेतील शब्दांना आपला प्रतिशब्द द्यावा या मताचे आम्ही आहोत. विशेषनामाच्या बाबतीत मात्र आमचा हात थबकतो. गावाच्या नावाचे जे आपल्याला बोचते, ते दुसऱ्याच्या माणसाच्या नावाचे करताना बोचायला नको का?

याच राजाराणीची एक लहान मुलगी, तीही बेरेनीके, इ. स. पूर्व २३८ मध्ये वारली. त्या वेळी देशभरचे पुजारी कानोपस येथे जमले होते. त्यांनी ठराव केला. मृत राजकन्येची पूजा व्हावी, आणि पुजाऱ्यांच्या पत्नींना जी भाकरी दिली जाते तिला विशिष्ट आकार देऊन 'बेरेनीकेची भाकरी' म्हणावे. त्याच ठरावात दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढविण्याची तरतूद होती. ती कोणी पाळली नाही, आणि लीप वर्षाचा हा विचार दोन शतके दगडावरच राहिला. सीमाभागातील माणसाला कागदावर राहिलेल्या आदेशांची नवलाई नाही. आमच्या दृष्टीने त्या ठरावातील सर्वांत महत्त्वाचे कलम शेवटचे. हा मजकूर पवित्र चित्रलिपीत, लोकांच्या इजिप्ती लिपीत आणि ग्रीकमध्ये कोरून पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीच्या सर्व देवळांत दिसेल असा लावावा, असे ते सांगते. राज्यकर्ते ग्रीक होते. प्रजा इजिप्ती होती. राजकन्येच्या मृत्यूचा शोकठरावही प्रजेच्या भाषेत लागला पाहिजे, हे तेव्हाच्या सत्तेलाही कळत होते.

तिन्ही लिप्यांतील त्या शिळेची एक प्रत १८६६ मध्ये तानिस येथे मिळाली आणि चित्रलिपीचे झालेले वाचन बरोबर असल्याचा तो मोठा पुरावा ठरला. त्या वाचनाच्या आरंभीही हेच नाव होते. इंग्रज पंडित टॉमस यंग याने १८१९ मध्ये चित्रलिपीतील जी राजनामे ओळखली त्यांत 'टॉलेमी'च्या जोडीला कर्णाकच्या देवळातील 'बेरेनीके' होते. शॅम्पोलियनने १८२२ मध्ये ती लिपी उलगडली तेव्हा 'क्लिओपात्रा' हे नाव कळीचे ठरले आणि प्रसिद्धीही त्यालाच मिळाली. परकी नावे ध्वनीनुसार लिहावी लागतात, म्हणूनच ती किल्ली बनतात. तुरमयाचेही तसेच झाले होते.

नाव नंतर यहुदी राजघराण्यात पोहोचले. हेरोद अग्रिप्पाची मुलगी बेरेनीके इ. स. २८ च्या सुमारास जन्मली. मराठी बायबल वाचणाऱ्यांना ती 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात भेटली असेल. कैसरियात संत पौलाची सुनावणी झाली तेव्हा ती भावाशेजारी बसली होती. पौलाने आधीच कैसराकडे अपील केले होते आणि ते नसते तर त्याला सोडता आले असते, असे तिचा भाऊ ऐकून घेतल्यावर म्हणाला. अपील केव्हा करावे याचा विचार करणाऱ्या प्रत्येक वकिलाने ही अध्याये वाचावीत. इ. स. ६६ मध्ये जेरुसलेममध्ये रोमन अधिकारी फ्लोरस कत्तल करीत असताना हीच राणी अनवाणी त्याच्या न्यायासनापुढे उभी राहिली आणि तिने दयेची याचना केली, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. ती एका नवसासाठी शहरात आली होती, आणि त्या नवसात केस कापण्याचा विधी असे. पुन्हा केस, पुन्हा नवस. फ्लोरसने तिचे ऐकले नाही.

पुढे सम्राट होणारा टायटस तिच्या प्रेमात पडला. ती रोमला गेली. परकी राणी रोमच्या लोकांना खपली नाही, आणि सम्राट होताच त्याने मनाविरुद्ध तिला परत पाठविले. रासीनने १६७० मध्ये यावरच आपली शोकांतिका रचली. त्याच वर्षी कॉर्नेयचेही याच विषयावरचे नाटक आले. आज वाचले जाते ते रासीनचे. पण या राणीविषयी आमच्या मनात ठसलेली गोष्ट वेगळी आहे. वक्तृत्वशास्त्राचा आचार्य क्विंटिलियन एका ठिकाणी सहज सांगून जातो की, आपण बेरेनीके राणीच्या बाजूने, खुद्द तिच्यासमोरच, खटला चालविला होता. पक्षकार आणि न्यायासनावरील व्यक्ती एकच! त्याने युक्तिवाद कसा केला असेल, हे जाणून घ्यायला आम्ही पुष्कळ काही देऊ.

ग्रीक बायबलात या राणीचे नाव आखडून 'बेर्नीके' झाले होते. इंग्रजी 'बर्नीस'चा उगम तेथेच. दुसरीकडे ग्रीक भाषेतच एक मोठे स्थित्यंतर घडत होते. जुना 'ब' मऊ होत होत 'व' झाला. येशूच्या वस्त्राला स्पर्श करून बरी झालेल्या स्त्रीला ग्रीक परंपरा बेरेनीके म्हणे. लॅटिनमध्ये तिची 'वेरोनिका' झाली, आणि पुढे क्रूस वाहणाऱ्या येशूचे मुख पुसणारी, आपल्या कापडावर त्याची प्रतिमा उमटलेली स्त्री म्हणून ती प्रसिद्ध झाली. मध्ययुगीन पंडितांनी 'वेरा' म्हणजे खरी व 'इकोन' म्हणजे प्रतिमा अशी फोड करून नावाचा अर्थ लावला. व्युत्पत्ती चुकीची, पण इतकी चपखल की खरी मागे पडली. गोव्यात उपवासकाळातील मिरवणुकीत ते कापड लोकांपुढे उलगडणारी वेरोनिका आजही असते. गोव्यातील कित्येक घरांत हे नाव आहे. त्या मुलींना आपले नाव मॅसिडोनियाच्या राण्यांचे आहे असे सांगितले तर गंमत वाटेल.

'ब' आणि 'व' यांची ही अदलाबदल आपल्या गावालाही ठाऊक आहे. रट्टांच्या काळातील शिलालेखांत ज्याचे नाव 'वेणुग्राम' असे येते, ते आज बेळगाव आहे. ग्रीकमध्ये 'ब'चा 'व' झाला, येथे 'व'च्या जागी 'ब' आला. दिशा उलटी, पण ओठांवरची वाट तीच.

व्हार्निशचा हिशेब राहिला. लिबियातील ज्या जुन्या नगराला दुसऱ्या बेरेनीकेचे नाव मिळाले होते, तेथून एक सुगंधी राळ येत असे असे मानतात. गावाचे नाव राळेला, राळेचे नाव त्यापासून केलेल्या लेपाला, आणि फ्रेंच व इंग्रजीतून ते आपल्या सुतारापर्यंत. त्या गावाला आज बेनगाझी म्हणतात.

लोकप्रियतेचे म्हणाल तर आज ग्रीसमध्ये हे नाव विरळच आहे. तेथे मुलांना आजी-आजोबांची नावे ठेवण्याची रीत घट्ट आहे आणि नावामागे संत असावा अशी अपेक्षा असते. १८१९ मध्ये, स्वातंत्र्ययुद्धाच्या उंबरठ्यावर, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलांना प्राचीन ग्रीक नावे देण्याची लाट आली होती. तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मगुरूंनी तिच्याविरुद्ध पत्रक काढले. बेरेनीकेची अडचण होण्याचे कारण नव्हते, कारण ती राणीही होती आणि संतही. पण ज्या नावाची आजीच नाही, ते नातीला कोण देणार? आणि जिथे ते दिले जाते तिथे त्याचा उच्चार 'वेरेनीकी' असा होतो. फेरेनीके नाही, बेरेनीकेही नाही.

अमेरिकेत मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत 'बर्नीस' हे मुलींच्या पहिल्या शंभर नावांत होते. १९२० मध्ये स्कॉट फिट्झजेराल्डने बर्नीस नावाच्या मुलीने केस कापल्याची कथा लिहिली. कातुल्लस वाचलेल्या वाचकाला त्यातील खोच कळावी, इतरांनी कथा वाचावी. पुढे ते नाव आजीबाईंचे वाटू लागले आणि मागे पडले. मेक्सिको व ब्राझीलमध्ये मात्र 'बेरेनीसे' सहज ऐकू येते.

आमच्या कचेरीत एकाच माणसाच्या नावाच्या तीन लिप्यांतील तीन रूपांसाठी प्रतिज्ञापत्रे करून देण्यात आमचा बराच काळ जातो. त्या दृष्टीने फेरेनीके, बेरेनीके, बेर्नीके, वेरोनिका, वेरेनीकी आणि बर्नीस ही 'एकच व्यक्ती' असल्याचे लिहून द्यायचे झाले तर कागद पुरणार नाही. ओहायोमध्ये १८९८ साली जन्मलेल्या एका मुलीने त्यातला मार्ग स्वतःच काढला. घरच्यांनी तिचे नाव 'बर्नीस' ठेवले होते. ती पॅरिसला गेली, छायाचित्रकार झाली, आणि तिने नावात गळालेला एक स्वर परत घातला. न्यूयॉर्क शहराची तिने घेतलेली छायाचित्रे १९३९ मध्ये पुस्तकरूपाने आली, तेव्हा मुखपृष्ठावर नाव होते बेरेनीस ॲबट.